आल्बीचं नेट लागलं तो मंगळवार

आमच्या रस्त्यावर आल्बी ट्रेगेनला ओळखत नाही असं कोणी नव्हतं, आणि त्याच्याशी पाच मिनिटांहून जास्त बोललेलं असंही फारसं कोणी नव्हतं. मी बोलले, कारण मला बोलायची खोड आहे आणि ह्या रस्त्याचं टपाल माझ्याकडे आहे. मंगळवार आणि शुक्रवार. सकाळी बरीगलहून निघायचं, दोनशे दहा किलोमीटर लाल माती खायची, चौदा घरांच्या डब्यांत टपाल टाकायचं आणि अंधार पडायच्या आत परत यायचं. आल्बीचं घर बारावं. तिथं मी चहाला थांबायचे, त्यामुळे तेराव्या आणि चौदाव्या घरची माणसं माझ्यावर कायम फुरंगटलेली असायची. असोत बापडी.

आल्बीनं चाळीस वर्षं पवनचक्क्या दुरुस्त केल्या. मेंढ्यांना पाणी पाजणाऱ्या ह्या चक्क्या वाऱ्यावर फिरतात, वाऱ्यावरच मोडतात, आणि त्या मोडल्या की लोकांना आल्बी आठवायचा. सत्तरीत त्याच्या कमरेनं दगा दिला, तेव्हा मेंढ्यांच्या मालकांनी, तो आधीपासून राहायचा ते विलगा टँक ह्या पाणवठ्यावरचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर त्याच्याकडेच राहू दिलं. लग्न केलं नव्हतं. एक म्हातारी कुत्री होती, तिला तो ‘मिसेस’ म्हणायचा. दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात पायात रक्ताची गुठळी निघाली आणि डॉक्टरनं बजावलं, लांबचा प्रवास बंद; ना विमान, ना बस. आल्बी म्हणाला, "मला कुठं जायचंय?" आणि त्याच वर्षी त्याला जायची गरज पडली.

त्याची मोठी बहीण डोरीन आता देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, पर्थला मुलाकडे असायची. तिला बघितलेले आमच्या रस्त्यावर थोडेच होते, पण तिचा आवाज सगळ्यांच्या कानात होता. टेलिफोनच्या तारा यायच्या आधी इथं दोन्हीकडून बोलायचा रेडिओ होता. जिल्ह्याच्या शहरात एक मुख्य ठाणं, आणि त्या ठाण्याच्या खुर्चीत सव्वीस वर्षं डोरीन. रोज सकाळी सातला ती एकेका घराचं नाव क्रमानं घ्यायची. नाव घेतलं की बोलायचं, तोवर गप्प. कुणाला डॉक्टर हवा, कुणाला ट्रॅक्टरचा भाग, कुणाचं मूल तापलंय, सगळं सगळ्यांसमोर. मी इथं आले तेव्हा तो रेडिओ बंद होऊन वर्ष झालं होतं, तरी लोक सात वाजता आपसूक बोलायचे थांबायचे. मला ते विचित्र वाटायचं. मी ॲडलेडची, आमच्याकडे ज्याला बोलायचं तो बोलतो.

सख्ख्या भावालाही ती सवलत द्यायची नाही. एकदा तिच्या वाढदिवसाला आल्बीनं नाव घ्यायच्या आधीच मध्ये तोंड घातलं, "डोरी, हॅपी बर्थडे." पलीकडून ठणठणीत आवाज आला, "विलगा टँक, तुमचं नाव घेतलेलं नाही. थांबा." अख्ख्या जिल्ह्यानं ऐकलं. वर्षभर आल्बी कुठंही दिसला की माणसं म्हणायची, "थांबा!" हा किस्सा आल्बीनंच मला सांगितला, तोही अभिमानानं. "माझी बहीण होती तशी. भाऊ असला म्हणून काय झालं, कुणी मरत असेल त्या वेळी."

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात, आमच्याकडे तो जुलैत असतो, डोरीनचं स्वरयंत्र कापून काढलं. कॅन्सर. आवाज गेला. भाच्याचा, कॉलिनचा, फोन आला तेव्हा मी तिथंच फ्रूटकेक खात बसले होते. फोन ठेवून आल्बीनं किटली परत चुलीवर चढवली.

"कॉलिन म्हणतो, ख्रिसमस काही बघायची नाही ती," तो म्हणाला. "पाटीवर लिहून बोलते म्हणे. फोनवर पाटी कशी ऐकायची गं, ग्लेनिस?"

त्याला तिला एकदा बघायचं होतं. बाकी काही नाही. अकरा वर्षं झाली होती भेटून.

कॉलिननं उपाय काढला. टपालातून खोकं आलं, मीच आणलं. आत वहीएवढा लॅपटॉप. त्यात समोरासमोर बोलायचा प्रोग्राम घालून, आल्बीचं आणि डोरीनचं नाव नोंदवून त्यानं सगळं तयार ठेवलं होतं. फक्त नेट हवं. कॉलिननं फोनवर सांगितलं, मोबाइल कंपनीचा डोंगल मिळतो, खोचला की झालं. मी बरीगलच्या दुकानातून डोंगल घेतला आणि शुक्रवारी ऐटीत आल्बीच्या टेबलावर ठेवला.

खोचला. काही झालं नाही. काढून परत खोचला. डोंगलवरचा दिवा लुकलुकला, लॅपटॉपनं एक सीडी सापडल्याचं सांगितलं आणि तो गप्प बसला.

"सीडी कुठाय ह्यात?" आल्बीनं डोंगल कानाजवळ नेऊन हलवून बघितला.

मी कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. पंचवीस मिनिटं गाणी ऐकल्यावर एक गोड आवाजाचा माणूस आला.

"मॅडम, तुमच्याकडे विंडोजचं कुठलं आहे?"

"कुठलंच नाही. वर लिहिलंय लिनक्स."

"मॅडम, आम्ही लिनक्सला मदत देत नाही."

"अहो, पण डोंगल तुमचाच आहे ना?"

"हो मॅडम."

"आणि पैसे तुम्हीच घेतलेत?"

"मॅडम, खोक्यावर लिहिलेलं आहे."

खोक्यावर खरंच लिहिलेलं होतं, मुंगीएवढ्या अक्षरांत. मी वाचलंच नव्हतं. माझा असा जळफळाट झाला की मी फोन आपटला, आणि आल्बी मलाच समजावत बसला. "चिडू नकोस गं. पोराचा काय दोष? चक्की फिरत नसली तर चक्कीवर ओरडतेस का? अडकलंय कुठं ते बघायचं."

मग सुरू झालं ते सगळं जगात फक्त आमच्याच रस्त्यावर होऊ शकतं. बरीगलच्या वाचनालयात मॅरियन नावाची बाई आहे, तिच्याकडे नेट चालतं. आल्बी स्क्रीनवर आलेलं अक्षर न् अक्षर कागदावर उतरवायचा, पेन्सिलीनं, ठळक, इंजिनाचे नंबर लिहितात तसं. मंगळवारी मी तो कागद न्यायचे. मॅरियन तो टाइप करून लिनक्सवाल्यांच्या नेटवरच्या एका मंडळात टाकायची. तिथं फिनलंडचा कुणी माणूस उत्तर द्यायचा. ते उत्तर छापून मी शुक्रवारी आल्बीकडे पोचवायचे. शुक्रवारी नवीन कागद. फिनलंडवाल्याचं उत्तर दहा मिनिटांत यायचं, आणि शेवटचे दोनशे किलोमीटर त्याला तीन-चार दिवस लागायचे.

फिनलंडवाल्यानं पहिल्याच पत्रात रोगाचं मूळ सांगितलं. हा डोंगल आधी सीडी असल्याचं सोंग घेतो. त्या सोंगातून त्याला बाहेर काढणारा एक छोटा प्रोग्राम असतो. तो घातला की डोंगल मोडेम होतो. प्रोग्राम नेटवर फुकट मिळतो.

"नेटवर," आल्बी म्हणाला.

"हो."

"म्हणजे नेट लावायला जे लागतं, ते नेटवर."

"हो रे बाबा."

तो हसला. तेवढं एकदाच मी त्याला त्या महिन्यात हसताना बघितलं.

मॅरियननं प्रोग्राम पेनड्राइव्हवर घालून दिला. तो चढेना, त्याला आणखी एक प्रोग्राम लागत होता. पुढच्या मंगळवारी तो नेला. तो भलत्याच आवृत्तीचा निघाला. शुक्रवारी तिसरा. दर खेपेला आल्बी मला आधी डोरीनचं सांगायचा, मग कागद दाखवायचा. वजन छत्तीस किलो. मग चौतीस. मग नळीनं खाणं. मी रस्ताभर त्या फिनलंडवाल्याला, कंपनीला, मॅरियनला आणि स्वतःला शिव्या घालत गाडी हाकायचे. भीती एकच होती, बाई निघून जाईल आणि आमचे कागदच चालू राहतील.

सप्टेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी मी गेले तर आल्बी दारातच उभा. "सोंग सोडलंन त्यानं," तो म्हणाला. आत नेऊन त्यानं डोंगल खोचला. क्षणभर सीडी दिसली, गेली, आणि मोडेम आलं. कंपनीचं नाव, नेट लावायचा नव्याण्णवचा नंबर, सगळं त्यानं फिनलंडच्या कागदावरून भरलं होतं. पण दिवा लालच. घरात मोबाइलच्या टॉवरचा वासही नव्हता.

आम्ही दोघं माझ्या गाडीतून फिरलो, लॅपटॉप त्याच्या मांडीवर. टाकीपाशी नाही, मेंढ्यांच्या वाड्यापाशी नाही. घरामागं अर्ध्या किलोमीटरवर एक खडकाळ टेकाड आहे, तिथं दिवा निळा झाला आणि विझला. आल्बी म्हणाला, घरी चल. स्वयंपाकघरातली भाज्या निथळायची मोठी पत्र्याची चाळणी घेतली, तारेनं एका काठीला बांधली, डोंगल लांब वायरीवर तिच्या पोटात बसवला आणि काठी टेकाडाच्या दगडांत रोवली. मग कान लावून असल्यासारखा ती इंचाइंचानं फिरवत राहिला. चाळीस वर्षं त्यानं वाऱ्याकडं तोंड करून चक्क्या बसवल्या होत्या. निळा दिवा लागला आणि लागूनच राहिला. स्क्रीनवर जगाच्या बातम्या आल्या. मला रडू आलं, मी सांगते. आल्बी फक्त म्हणाला, "हं."

घरी येऊन त्यानं कॉलिनला फोन केला. कॉलिन म्हणाला, "मामा, मंगळवारी अकराला बस. आमच्याकडे नऊ वाजतील, तेव्हा ती जरा ताजी असते. आम्ही मशीन उघडून बसतो." ठरलं. कोणी कोणाला लावायचं, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. मी तिथंच होते, मलाही सुचलं नाही.

त्या मंगळवारी मी पहाटेच निघाले, निम्म्या घरांत टपाल नुसतं भिरकावलं आणि पावणेअकराला विलगा टँकवर पोचले. आल्बीनं अंघोळ केली होती. इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून मागं वळवलेले, टोपी हातात. टेकाडावर त्यानं आदल्या दिवशीच घरातली एक खुर्ची आणि पालथं खोकं नेऊन ठेवलं होतं. चाळणी लावली, दिवा निळा झाला. नेट उत्तम लागलं होतं. प्रोग्राम उघडला. त्यात एकच नाव, डोरीन, आणि पुढं करडा ठिपका.

अकरा वाजून दोन मिनिटांनी ठिपका हिरवा झाला.

"आली!" मी ओरडले.

आल्बी ताठ बसला. टोपी मांडीवर ठेवली. आणि तसाच बसून राहिला.

"अरे, लाव ना," मी म्हटलं. "ते हिरवं बटण दाब."

"तिनं नाव घेतलेलं नाही."

"काय?"

"ठाणं तिचं आहे. ती लावेल."

"आल्बी, हा रेडिओ नाही रे! इथं कोणीही लावायचं असतं."

"आजारी माणसाच्या खोलीत आपण मध्येच घुसायचं नसतं," तो म्हणाला. "नर्स असेल. नळी बदलत असतील. तिची तयारी झाली की ती नाव घेईल. सव्वीस वर्षं कधी विसरली नाही ती माझं नाव."

पाच मिनिटं गेली. दहा. वारा सुटला, चाळणी हलू लागली, मी उठून काठीपाशी दगड रचले. ठिपका हिरवाच. वीस मिनिटं झाल्यावर मला राहवेना. मी मुकाट्यानं हात पुढं केला, बटणाकडं. आल्बीनं न बघता माझं मनगट पकडलं. म्हाताऱ्याच्या हातात अजून पाना फिरवायचा जोर होता.

"थांब," तो म्हणाला.

मी थांबले. लोकांच्या चुलीपर्यंत नाक खुपसणारी बाई मी, चौदा घरांची भांडणं मला तोंडपाठ, आणि मी थांबले. त्याच्या चेहऱ्यावर इतका विश्वास होता की मला वाटलं, ही ह्यांची रीत आहे, ह्यांचं ह्यांना ठाऊक. तो मधूनच शर्टाची कॉलर नीट करत होता. एकदा मला म्हणाला, "मी मध्ये बसलोय ना बरोबर? अर्धाच दिसायचो नाही तर."

अकरा बावन्नला ठिपका करडा झाला.

आल्बीनं आणखी पाव तास वाट बघितली. मग टोपी घातली. "दुसऱ्या कुणाचं जास्त अडलं असेल," तो म्हणाला, आणि लगेच त्यालाच जाणवलं की आता दुसरं कोणी नाही. "दमली असेल. शुक्रवारी बघू."

मी तेराव्या आणि चौदाव्या घरी उशिरा पोचले, बोलणी खाल्ली. मनाशी पक्कं केलं, शुक्रवारी तो धरो की मारो, मी बटण दाबणार.

डोरीन बुधवारी गेली. मंगळवारी दुपारीच तिची शुद्ध हरपली होती. कॉलिननं गुरुवारी सकाळी फोन करून एवढंच सांगितलं आणि तो रडायला लागला, मग आल्बीनं फार विचारलं नाही. शुक्रवारी मी गेले तेव्हा चाळणी धुऊन खिळ्याला टांगलेली होती आणि लॅपटॉप खोक्यात बंद. चहा झाला. आल्बी म्हणाला, "तिला माझ्याशी बोलायचं नसेल. अकरा वर्षं मी गेलो नाही. तिच्या नवऱ्याच्या मातीलाही नाही."

"काहीतरीच काय!" मी म्हटलं.

"मग नाव का नाही घेतलंन?"

हेच त्याच्या मनात बसलं. पुढचे तीन आठवडे तो चहा पुढं करायचा आणि गप्प बसायचा. पाठ बघता बघता वाकली. मिसेस त्याच्या पायाशी पडून असायची आणि तो तिच्याशीही बोलायचा नाही. मला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची, आणि काय करावं कळायचं नाही.

ऑक्टोबरच्या एका मंगळवारी पर्थचा शिक्का असलेलं जाड पाकीट आलं. कॉलिनचं अक्षर. मी ते डब्यात न टाकता हातात नेऊन दिलं. आल्बीनं खिडकीपाशी उभं राहून वाचलं, मग परत पहिल्यापासून वाचलं, मग माझ्याकडं दिलं.

बराचसा मजकूर मयताचा होता, कोण आलं, कुठलं भजन झालं. शेवटच्या पानावर कॉलिननं लिहिलं होतं: "मामा, त्या मंगळवारी आईनं नर्सकडून केस विंचरून घेतले, ओठांना रंग लावून घेतला. तुझ्या नावापुढं हिरवा ठिपका होता. मी म्हटलं, लावतो. तिनं माझा हात धरला आणि पाटीवर लिहिलं, ‘त्याचं मशीन कमजोर आहे. रेडिओवर कमजोर मशीन असलं आणि ठाणं आधी बोललं, तर त्याचा आवाज दबतो. अशा वेळी ठाण्यानं गप्प राहायचं. त्याला आधी येऊ दे.’ मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तिनं तीच ओळ बोटानं दाखवली. पन्नास मिनिटं ती पडद्याकडं बघत बसली होती. मी चोरून तुझ्या घरच्या फोनवर चार वेळा लावलं, कोणी उचललं नाही. मग तिला धाप लागली आणि बंद करावं लागलं. मामा, एकच सांग. तुझं नेट बिघडलं होतं ना?"

मी कागद खाली ठेवला. चार वेळा घरात फोन वाजला, आणि आम्ही दोघं टेकाडावर शर्टाची कॉलर नीट करत बसलो होतो.

आल्बी खुर्चीत बसला. म्हणाला, "त्याला लिहून टाक, बिघडलं होतं म्हणून. तूच लिही. वाऱ्यानं चाळणी पडली म्हणावं."

"बरं."

"आजच लिही. त्याला तेच ऐकायचंय."

मी त्याच्याच पेन्सिलीनं, त्याच्याच कागदावर लिहिलं. चाळणी पडली, फार प्रयत्न केला, जमलं नाही. खाली त्यानं सही केली. मी पाकीट चिकटवून पिशवीत टाकलं आणि उठले, कारण पुढच्या दोन घरांचं टपाल राहिलं होतं आणि मला त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं.

"ग्लेनिस," तो मागून म्हणाला. आवाजात राग नव्हता. एखादी चक्की का मोडली हे विचारावं, तसं त्यानं विचारलं. "आम्ही दोघं त्या रेडिओतलीच. आम्हाला दुसरं येत नव्हतं. तू तर बाहेरची. तू का नाही गं दाबलंस?"

"तू माझं मनगट धरलं होतंस, आल्बी."

त्यानं माझ्या दोन्ही हातांकडं बघितलं. पिशवीच्या पट्ट्यावर ते दोन्ही होते.

"एकच धरलं होतं," तो म्हणाला.